खेळताना लागलं तर: घरी बर्फाची पिशवी कशी करावी आणि कशी लावावी

घोटा मुरगळला किंवा नडगीवर जोरात चेंडू बसला की पहिला हात फ्रीझरकडे जातो. ते बरोबरच आहे. चूक त्यानंतर होते. फ्रीझरमधला दगडासारखा कडक गोळा काढून थेट कातडीवर दाबला जातो, जितकं गार तितकं चांगलं असं धरून तो अर्धा-पाऊण तास तसाच ठेवला जातो, आणि मग घोट्याच्या सुजेवर कातडी पोळल्याचा त्रास वाढून बसतो. चांगली बर्फाची पिशवी म्हणजे सगळ्यांत गार पिशवी नव्हे. वितळणाऱ्या बर्फाचं तापमान ० अंश सेल्सिअस असतं आणि दुखापतीला तेवढी थंडी पुरते. घरच्या फ्रीझरमधलं तापमान साधारण उणे १८ अंश असतं. बहुतेक इजा या १८ अंशांच्या फरकातूनच होतात.

बर्फाकडून नेमकं काय मिळतं हे आधी स्पष्ट असलेलं बरं. थंडीने त्या जागेच्या नसांमधून दुखण्याचे संदेश मंद गतीने जातात, त्यामुळे ठणका कमी होतो. रक्तवाहिन्या थोड्या वेळासाठी आकसतात. एवढंच. १९७८ साली अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची या चार गोष्टींचं ‘राइस’ नावाचं सूत्र मांडलं आणि ते जगभर पाठ झालं. त्याच मर्किन यांनी २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो, कारण सुरुवातीची सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच एक भाग आहे. म्हणून बर्फ वेदनेसाठी वापरायचा, थोडा वेळ वापरायचा, आणि पहिल्या एक-दोन दिवसांपुरता वापरायचा. दिवसभर पाय बर्फात ठेवल्याने अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, लवकर जुळत नाहीत.

बर्फ काढण्याआधी

आधी दुखापत नीट पाहा. हाताचा किंवा पायाचा आकार बदललेला दिसतो, बोटं बधिर किंवा पांढरी पडली आहेत, सांधा अडकून बसला आहे, ‘टक’ असा आवाज येऊन गुडघा तासाभरात फुगला आहे, असं काही असेल तर पिशवीची कृती वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. घोट्यासाठी एक सोपी पारख आहे. ती कॅनडातल्या ओटावा इथे डॉक्टरांनी तयार केलेल्या नियमांतली आहे. लागल्यानंतर लगेच आणि पुढे तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंना वर आलेल्या हाडांच्या टोकावर आणि त्यांच्या मागच्या कडेवर सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबल्यावर हाड दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. लंगडत चार पावलं टाकता आली तरी ती मोजायची. डोक्याला मार लागला असेल आणि उलटी, गोंधळ किंवा झापड येत असेल, तर वरून बर्फ लावून भागत नाही.

काही माणसांनी बर्फ लावूच नये, किंवा डॉक्टरांना विचारून लावावा. थंडीत बोटं पांढरी-निळी पडण्याचा रेनॉडचा त्रास, थंडीने अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असणं, पायांतल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असणं, ही त्याची उदाहरणं. संवेदनाच नसेल तर ‘आता पुरे’ हा इशारा मिळत नाही आणि कातडी मरेपर्यंत कळत नाही. उघड्या जखमेवरही बर्फ ठेवू नये.

फोडलेला बर्फ आणि पाणी

सगळ्यांत भरवशाची पिशवी हीच, आणि तिला वेगळं सामानही लागत नाही. घोटा किंवा मनगट यांसाठी दोन कप फोडलेला बर्फ आणि अर्धा कप गार पाणी. गुडघा, मांडी किंवा खांद्यासाठी चार कप बर्फ आणि एक कप पाणी. पिशवी झिपची घ्या, आणि ती फ्रीझरसाठी बनवलेली, जाड प्लास्टिकची असावी. साध्या पातळ पिशव्यांना बर्फाच्या टोकांनी भोकं पडतात.

बर्फाचे खडे जाड टॉवेलमध्ये गुंडाळून लाटण्याने ठोका. शेंगदाण्याएवढे तुकडे झाले की थांबा. पूर्ण भुगा केला तर तो फार लवकर वितळतो, आणि मोठे खडे ठेवले तर ते हाडावर टोचतात आणि मधल्या फटींत हवा राहते. हवा उष्णता नीट वाहू देत नाही, म्हणून कोरड्या खड्यांची पिशवी हाताला गार लागते पण घोट्याला नीट थंड करत नाही. पाणी घालायचं ते त्या फटी भरण्यासाठी. पाणी घातलेली पिशवी घोट्यावर ठेवली की ती स्वतःच दोन्ही बाजूंच्या खोबणीत उतरते. कोरडी पिशवी हाडाच्या उंचवट्यावर डोलत राहते.

पिशवीत बर्फ आणि पाणी भरल्यावर ती टेबलावर आडवी ठेवा, झिप एका कोपऱ्यात बोटभर उघडी ठेवून तळहाताने उरलेली हवा बाहेर दाबा आणि मग बंद करा. ही पायरी वगळली तर पिशवी उशीसारखी फुगलेली राहते आणि कातडीला अर्धवटच टेकते. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला, दुसरीची झिप पहिलीच्या विरुद्ध टोकाला येईल अशी.

ही पिशवी सुरक्षित का? १ ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ जूल उष्णता ओढून घेतो, आणि सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमान ० अंशाच्या आसपासच राहतं. झालेलं १ ग्रॅम पाणी पुढे एका अंशाने तापायला फक्त ४.२ जूल पुरतात. म्हणजे थंडी टिकते ती वितळण्यामुळे. पिशवी हलवल्यावर तुकड्यांचा खळखळाट ऐकू येतोय तोवर ती काम करते आहे. नुसतं पाणी डचमळू लागलं की बदला.

अल्कोहोलची मऊ पिशवी

दुकानातल्या जेल पॅकसारखी, फ्रीझरमध्ये कायम तयार राहणारी पिशवी हवी असेल तर हा प्रकार. औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी दोन भाग. मध्यम पिशवीसाठी १५० मिलिलिटर अल्कोहोल, ३०० मिलिलिटर पाणी. गुडघ्याच्या मोठ्या पिशवीसाठी २५० आणि ५००. दोन-चार थेंब खायचा निळा रंग घाला. रंगामुळे गळती लगेच दिसते आणि ही पाण्याची पिशवी नाही हे घरातल्या सगळ्यांना कळतं.

पिशवी एखाद्या भांड्यात उभी धरून मिश्रण ओता, हवा काढा, दुसऱ्या पिशवीत घाला आणि ताटात आडवी, सपाट ठेवून रात्रभर गोठवा. जाडी दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. सकाळी ती बर्फगोळ्याच्या चुऱ्यासारखी मऊ, दाबल्यावर सरकणारी व्हायला हवी. कडक दगड झाली असेल तर पाणी जास्त झालं आहे. दोन मोठे चमचे अल्कोहोल घालून पुन्हा गोठवा. पातळच राहिली तर अल्कोहोल जास्त झालं आहे किंवा फ्रीझर पुरेसा थंड नाही. पाव कप पाणी वाढवा. ९९ टक्क्यांचं अल्कोहोल मिळालं असेल तर एका भागाला तीन भाग पाणी लागतं.

सगळ्यांत जास्त काळजी याच पिशवीची घ्यायची. ती मऊ लागते म्हणून माणूस बेसावध राहतो, पण फ्रीझरमधून काढताक्षणी ती उणे १८ च्या जवळ असते. बर्फाचा तुकडा ओला होऊन ० अंशावर आल्याचं डोळ्यांना दिसतं, या पिशवीत तसं काही दिसत नाही. म्हणून बाहेर काढून पाच मिनिटं टेबलावर ठेवा आणि लावताना दोन पदरी कोरडं कापड घ्या. शिवाय अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा मिश्रण शेगडीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करा. पोटात गेलं तर ते विषारी आहे. पिशवीवर ठळक अक्षरात ‘खाण्याचे नाही’ असं आणि तारीख लिहा, आणि लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कप्प्यात ठेवा. मिथाइल मिसळलेलं स्पिरिट या कामासाठी कधीही वापरू नका, ते कातडीतूनही अंगात जातं.

मीठ, साबण आणि बाकीचे उपाय

अल्कोहोल नको असेल तर भांडी घासायचं घट्ट लिक्विड तसंच, पाणी न घालता, पिशवीत भरून गोठवता येतं. ३०० मिलिलिटर पुरे. ते कडक होत नाही, बोटाला आणि मनगटाला छान बसतं. पण त्यात बर्फ फारसा बनत नाही, म्हणून ते बर्फापेक्षा लवकर कोमट होतं. छोट्या जागेला, दहा मिनिटांसाठी ठीक.

मिठाच्या पाण्याचा उपाय खूप सांगितला जातो: दोन कप पाण्यात दोन मोठे चमचे मीठ पूर्ण विरघळवून गोठवायचं. ते साध्या पाण्यापेक्षा ठिसूळ गोठतं आणि हाताने मोडून आकार देता येतो. इथवर ठीक आहे. पण चमचे वाढवत नेऊ नका, आणि फोडलेल्या बर्फाच्या पिशवीत वरून मीठ तर मुळीच टाकू नका. बर्फ आणि मीठ एकत्र आले की बर्फ भराभर वितळतो आणि मिश्रणाचं तापमान ० च्या खूप खाली जातं, प्रमाण जुळलं तर उणे २१ अंशांपर्यंत. असा लगदा कातडीवर काही मिनिटांतच फोड आणतो. पिशवी जास्त गार करण्याच्या या युक्तीने मोठं नुकसान होऊ शकतं.

बाळाच्या डायपरमधल्या पाणी शोषणाऱ्या दाण्यांचीही पिशवी होते. एक डायपर, दीड कप पाणी, दहा मिनिटं भिजू द्या, मग तो अख्खा झिपच्या पिशवीत. त्यात मीठ किंवा अल्कोहोल घातलं तर दाणे धरलेलं पाणी सोडून देतात आणि सगळं चिखलासारखं होतं, तेव्हा साधंच पाणी घाला. स्वयंपाकघरातला स्पंज भिजवून, हलका पिळून पिशवीत गोठवला तर वितळल्यावरही पाणी गळत नाही. मुलांच्या किरकोळ टेंगळांना तो सोयीचा. गोठवलेल्या मटारांचं पाकीट घाईत चालतं, मात्र वरून एकदा पाण्याचा हात फिरवा आणि ते मटार पुन्हा खायच्या यादीत घेऊ नका. तांदूळ भरलेला मोजा गार करण्यासाठी उपयोगाचा नाही. कोरड्या तांदळात वितळायला काही नसतं, त्यामुळे तो काही मिनिटांत खोलीच्या तापमानाला येतो. तो गरम शेकासाठी राहू द्या.

कागदी कपाचा बर्फ मात्र वेगळ्या कामाचा आहे. धावणाऱ्यांची दुखरी नडगी, कोपराच्या बाहेरच्या बाजूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), टाचेच्या वरची जागा अशा छोट्या, लांबट दुखण्याला पिशवीपेक्षा तो बरा. कप पाऊण भरा, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. गोठल्यावर वरची दोन सेंटिमीटर कडा फाडून बर्फ उघडा करा, खालचा कागद हाताला गारठ्यापासून वाचवतो. बर्फाची धार आधी पाण्याखाली धरून गुळगुळीत करा आणि पाच ते सात मिनिटं गोल गोल फिरवत राहा. इथे कापड नसतं, म्हणून कप एका जागी थांबवायचा नाही.

लावायची पद्धत

पिशवी आणि कातडी यांच्यामध्ये कापड हवंच. किती, हे पिशवीवर ठरतं. बर्फ-पाण्याच्या पिशवीखाली एक पदर पातळ सुती रुमाल, ओला करून घट्ट पिळलेला. ओल्या कापडातून थंडी लवकर पोहोचते. अल्कोहोलच्या किंवा मिठाच्या पिशवीखाली दोन पदर, कोरडे. जाड टर्किश टॉवेलात गुंडाळलेली पिशवी पंधरा मिनिटांत कातडीला जेमतेम गार करते. मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणून टॉवेल काढून टाकला जातो, आणि तिथेच कातडी पोळते.

वेळ घड्याळ लावून मोजा. घोटा, मनगट, बोटं, कोपर अशा कमी मांसाच्या जागी १० ते १५ मिनिटं. मांडी, पोटरी, नितंब इथे २० मिनिटं, कारण कातडीखालची चरबी थंडी आत जाऊ देत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना १० मिनिटं पुरे. पुन्हा लावायचा तर निदान दोन तासांनी. रात्री पिशवी बांधून झोपायचं नाही, अल्कोहोलची पिशवी असेल तर अजिबातच नाही.

अंगाला काय जाणवतं तेही एका क्रमाने येतं: आधी गारवा, मग चुरचुर, मग खोलवर ठणका, आणि शेवटी बधिरपणा. तिसऱ्या टप्प्यावर पुष्कळ जण पिशवी फेकून देतात. तो ठणका दोन-तीन मिनिटांत ओसरतो. बधिरपणा आला की काम झालं, घड्याळात मिनिटं उरली असली तरी पिशवी काढा.

दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून कातडी पाहा. गुलाबी किंवा लालसर रंग अपेक्षित आहे. सावळ्या कातडीवर लाली स्पष्ट दिसत नाही, तिथे बोटाने दाबून पाहा. दाबलेली जागा दोन-तीन सेकंदांत पूर्ववत व्हावी. कातडी मेणासारखी, कडक, फिकट किंवा राखाडी दिसली, डाग पडले, फोड आला, तर लगेच थांबा. ती जागा चोळू नका, गरम पाण्यात बुडवू नका, कोमट हाताखाली धरून ऊब येऊ द्या. रंग परत आला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

दोन जागा जपायच्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या थोडं खाली एक हाडाची गुठळी हाताला लागते. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस तिला वळसा घालून, अगदी कातडीखालून जाते. तिच्यावर बर्फ घट्ट बांधल्याने पाऊल लोंबकळू लागल्याची उदाहरणं डॉक्टरांना माहीत आहेत. दुसरी जागा कोपराच्या आतल्या बाजूची, जिथे ठोसा लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. या दोन्हींवर पिशवीचा भार नको, आणि करंगळीत किंवा पावलात मुंग्या आल्या तर पिशवी तत्काळ काढा.

बर्फ लावताना पाय हृदयापेक्षा उंच हवा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला तर तो उंच होत नाही. पाठीवर झोपून पोटरीखाली दोन-तीन उशा घ्या. पिशवी जागेवर राहण्यासाठी क्रेप बँडेजचे दोन सैल वेढे पुरतात. बर्फाचा वेळ संपल्यावर पिशवी काढून मग बँडेज बोटांकडून वर, अर्धा पदर एकमेकांवर येईल असं बांधा. बँडेजखाली एक बोट सरकलं पाहिजे. बोटं गार, निळसर किंवा मुंग्या आलेली वाटली तर सोडून पुन्हा सैल बांधा.

बर्फानंतर लगेच खेळायला उतरू नका. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नव्हे. थंड स्नायू सुस्त असतात आणि सांधा नेमका कुठे वळतो आहे याची जाणीवही मंदावलेली असते. तोच घोटा पुन्हा वळतो. मात्र दुखणं सहन होईल इतकं पाऊल हलकेच वर-खाली करणं त्याच दिवसापासून सुरू करता येतं.

पहिल्या ४८ तासांत गरम शेक, जोरदार मालीश आणि दारू टाळा, सूज वाढते. दोन दिवसांनी बर्फ आपोआप कमी व्हावा. आठवड्यानंतरही बर्फाशिवाय चालता येत नसेल, तर आत काय फाटलं आहे हे तपासून घ्यायची वेळ झाली आहे.

मैदानावर न्यायचं असेल तर

मऊ पिशवी नुसती खेळाच्या बॅगेत टाकली तर तासाभरात पाणी होते. रुंद तोंडाचा थर्मास रात्री फ्रीझरमध्ये उघडा ठेवून गार करा, सकाळी फोडलेल्या बर्फाने गच्च भरा, आणि सोबत तीन-चार रिकाम्या झिप पिशव्या, एक सुती रुमाल, क्रेप बँडेज आणि पाण्याची बाटली ठेवा. बर्फ आणि पाणी तिथेच मिसळायचं. सामना संपल्यावर उरलेला बर्फ ओतून थर्मास वाळवून ठेवा. घरच्या अल्कोहोलच्या पिशव्या महिन्यातून एकदा उजेडात धरून पाहा: दोन पिशव्यांच्या मधल्या जागेत निळा ओघळ दिसला की आतली पिशवी फुटली आहे, दोन्ही टाकून नवीन भरा.